विश्लेषण: ठाण्यात चार सोबती गमावूनही परत निघालेले बिशप जॉर्डनस कोण होते?

भिवंडीतून बाहेर पडणारे तीन रस्ते डोळ्यांसमोर आणा. एक कशेळीचा खाडीपूल ओलांडून ठाण्याला जातो. दुसरा कोनगाववरून दुर्गाडीच्या पुलाने कल्याणात शिरतो. तिसरा अंजूरफाट्यावरून कामण, चिंचोटीमार्गे वसई-नालासोपाऱ्याकडे वळतो. कंटेनर, टेम्पो आणि वाहतूक कोंडीसाठीच हे रस्ते आपल्याला माहीत आहेत. पण भारतातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातले एक जुने आणि काहीसे विसरलेले प्रकरण याच तीन टोकांमध्ये घडले. जॉर्डनस कातालानी हे त्याचे मुख्य पात्र. रोमच्या पोपने भारतासाठी नेमलेले ते पहिले बिशप. आपल्या चार सोबत्यांचे मृतदेह त्यांनी ठाण्याहून सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि पुढे स्वतःही याच किनाऱ्यावर प्राण दिले, असे परंपरा सांगते. या परंपरेत इतिहास किती आणि श्रद्धा किती, हे समजून घेऊ.

जॉर्डनस यांच्या आधी इथे ख्रिस्ती होते का?

होते. ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर कोकणात आला, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, आणि त्याच्या किती तरी आधी या किनाऱ्यावर ख्रिस्ती वस्ती होती. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मास नावाच्या ग्रीक व्यापारी-प्रवाशाने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील कल्लियाना या बंदराचा उल्लेख केला आहे. तिथे इराणमधून दीक्षा घेऊन आलेला एक बिशप असतो, असे त्याने नोंदवले. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

हे ख्रिस्ती रोमच्या पोपला मानणारे नव्हते. ते पूर्वेकडच्या सीरियन-इराणी चर्चचे होते. युरोपीय लोक त्यांना नेस्टोरियन म्हणत. व्यापारामुळे इराणचे आखात आणि कोकण यांच्यात जहाजांची सतत ये-जा असे आणि माल, भाषा, धर्म हे सगळे त्याच जहाजांतून येत असे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ठाण्यात अशी १५ नेस्टोरियन कुटुंबे राहत होती. जॉर्डनस यांची कहाणी याच कुटुंबांच्या घरातून सुरू होते.

जॉर्डनस ठाण्यात कसे आले?

जॉर्डनस दक्षिण फ्रान्समधील सेवेराक गावचे. ते डोमिनिकन संघाचे धर्मगुरू होते. त्या काळी इराणवर मंगोल राजांची सत्ता होती आणि तब्रीझ शहरात युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर धर्मगुरूंचीही केंद्रे होती. तिथे राहून जॉर्डनस फारसी शिकले. पुढे भारतात त्यांना हीच भाषा उपयोगी पडली.

तब्रीझहून ते चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंबरोबर निघाले. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि दमित्रियस ही त्यांची नावे. थॉमस वयाने सर्वांत मोठे होते. दमित्रियस यांना पूर्वेकडच्या भाषा येत असल्याने ते दुभाषाचे काम करत. होर्मुझ बंदरातून जहाज धरून केरळातील कोल्लमला जायचे, तिथून मैलापूरला संत थॉमस यांच्या समाधीचे दर्शन घ्यायचे आणि पुढे चीन गाठायचे, असा बेत होता.

जहाज मात्र त्यांना ठाण्याला घेऊन आले. ठाण्याला येणे त्यांच्या योजनेत नव्हतेच. तिथल्या एका नेस्टोरियन कुटुंबाने पाहुण्यांना आसरा दिला. त्या वेळी ठाणे दिल्लीच्या सुलतानांच्या ताब्यात येऊन फार काळ झाला नव्हता. दिल्लीच्या गादीवर गियासुद्दीन तुघलक होता. ठाण्याचा कारभार त्याचा मलिक, म्हणजे सुभेदार पाहत असे आणि न्यायनिवाडा काझी करत असे.

भरुच आणि सोपारा परिसरातल्या ख्रिस्ती वस्त्यांना धर्माची फारशी माहिती उरलेली नाही, असे यजमानांनी सांगितले. फारसी येणारे जॉर्डनसच तिकडे जाण्यास योग्य ठरले. चौघे सोबती ठाण्यात थांबले आणि जॉर्डनस सोपाऱ्याच्या वाटेला लागले. या निर्णयामुळेच ते वाचले.

एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात काय घडले?

या घटनेची सविस्तर हकीकत पोर्देनोनेचे ओडोरिक या इटालियन फ्रान्सिस्कन प्रवाशाने सांगितली आहे. ते काही काळाने ठाण्यात आले होते. त्यांच्या सांगण्यानुसार सगळ्याची सुरुवात घरगुती भांडणातून झाली. यजमानाने पत्नीला मारहाण केली. ती दाद मागायला काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असे विचारल्यावर तिने घरात उतरलेल्या परदेशी धर्मगुरूंकडे बोट दाखवले. काझीने त्यांना बोलावून घेतले. घरातले सामान सांभाळण्यासाठी पीटर मागे राहिले आणि बाकीचे तिघे गेले.

साक्ष बाजूला राहिली आणि बोलणे धर्मावर आले. इस्लामच्या प्रेषितांबद्दल तुमचे मत काय, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. तिघांनी टाळाटाळ केली नाही, उलट कठोर शब्दांत उत्तर दिले. जमाव खवळला. त्यांना कडक उन्हात उभे करण्यात आले आणि नंतर आगीची परीक्षा झाली. जेम्स त्या आगीतून होरपळल्याशिवाय बाहेर आले, असे ओडोरिक सांगतात. हा भाग भक्तिकथेचा म्हणूनच वाचायला हवा.

मलिकाने तिघांना गुपचूप सोडून दिले आणि खाडीपलीकडे निघून जायला सांगितले, अशीही नोंद आहे. काझीच्या दबावाखाली मात्र त्याचे मन बदलले. रात्री शस्त्रधारी माणसे पाठवण्यात आली आणि ९ एप्रिल १३२१ रोजी थॉमस, जेम्स व दमित्रियस यांना ठार करण्यात आले. घरी सापडलेल्या पीटर यांचा छळ झाला आणि ११ एप्रिलला त्यांनाही मारण्यात आले. ही बातमी दिल्लीला पोहोचल्यावर सुलतानाने त्या मलिकाला बोलावून मृत्युदंड दिला, असेही ओडोरिक यांनीच लिहून ठेवले आहे.

ही हकीकत वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जॉर्डनस आणि ओडोरिक, दोघेही ख्रिस्ती धर्मगुरू होते आणि घटना घडली तेव्हा दोघांपैकी कोणीही तिथे हजर नव्हते. त्यांच्यापर्यंत पोहोचली ती ठाण्यातल्या लोकांकडून ऐकलेली गोष्ट. त्यातही चित्र एकरंगी नाही. नेस्टोरियन कुटुंबे त्याच राजवटीत राहत होती. ख्रिस्ती घरातली स्त्री न्याय मागायला काझीकडेच जात होती. शिवाय अधिकाऱ्याच्या कृत्याची शिक्षा त्याच्याच सुलतानाने दिल्याची नोंद ख्रिस्ती लेखक करत होता. दोन धर्मांतली लढाई एवढेच रूप या प्रसंगाला दिले, तर हे सगळे तपशील गळून पडतात.

मृतदेह सोपाऱ्याला कसे पोहोचले?

उत्तरेच्या वाटेवर असताना जॉर्डनस यांना सोबती पकडले गेल्याचे कळले आणि पाठोपाठ ते मारले गेल्याची खबर आली. पुढे निघून जाणे त्यांना शक्य होते आणि तेच शहाणपणाचे ठरले असते. तरीही ते मागे फिरले. ठाण्यात एक तरुण जिनोआवासी होता. त्याच्या मदतीने त्यांनी मृतदेह हलवले, सोपाऱ्याला नेले आणि तिथल्या चर्चमध्ये विधिपूर्वक पुरले.

सोपारा हे काही आडगाव नव्हते. बौद्ध काळातले शूर्पारक ते हेच. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथे सापडला आहे आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उघडकीस आणला. शेकडो वर्षे परदेशी जहाजे पाहिलेल्या या बंदरात चार परदेशी माणसांना शेवटची जागा मिळाली.

त्यानंतर जॉर्डनस यांनी काय केले?

ते एकटे उरले होते आणि तरीही थांबले. १२ ऑक्टोबर १३२१ रोजी त्यांनी खंबातच्या आखातातील घोघा बंदरातून इराणमधल्या धर्मबंधूंना पत्र लिहिले. सोबत्यांच्या मृत्यूची बातमी त्यांनी त्यात कळवली आणि काम कुठे करता येईल याचीही माहिती दिली. भरुचमध्ये आपण सुमारे ९० जणांना स्नानसंस्कार दिल्याचे लिहून, सोपारा, भरुच आणि कोल्लम इथे माणसे पाठवा, अशी विनंती त्यांनी केली.

दुसरे पत्र जानेवारी १३२४ चे आहे आणि ते ठाण्याहूनच लिहिलेले आहे. ज्या गावात सोबती मारले गेले तिथेच ते पुन्हा राहत होते. आजारपण, तुरुंग, मारहाण, अपप्रचार, उपासमार अशा हालांची यादी त्यात आहे आणि सगळ्यात जास्त जाणवतो तो एकाकीपणा. धर्मगुरूला स्वतःच्या पापांची कबुली द्यायलाही दुसरा धर्मगुरू लागतो आणि तसा एकही माणूस त्यांच्या आसपास नव्हता.

याच पत्रांत त्यांची दुसरी बाजूही दिसते. पोपने या समुद्रात एक-दोन लढाऊ जहाजे ठेवली, तर इजिप्तच्या सुलतानाचे मोठे नुकसान करता येईल, असे त्यांनी सुचवले. धर्मयुद्धांच्या काळातल्या युरोपीय माणसाचा हा विचार होता. त्यांना आदर्श पुरुष म्हणून पाहणाऱ्यांनी हेही विसरू नये.

मग त्या चौघांच्या कबरी सोपाऱ्यात आहेत का?

नाहीत. काही वर्षांतच ओडोरिक तिथे आले. त्यांनी अस्थी उकरून काढल्या, कापडात गुंडाळल्या आणि बरोबर घेऊन ते जहाजाने चीनकडे निघाले. वाटेत वादळात आणि आगीत या अस्थींनीच आपल्याला वाचवले, अशी त्यांची श्रद्धा होती. अखेर चीनच्या झैतून, म्हणजे आजच्या छुआनचौ बंदरातल्या फ्रान्सिस्कन मठात त्यांनी त्या सोपवल्या. थॉमस यांना जिथे जायचे होते त्या देशात अशा रीतीने त्यांचे अवशेष पोहोचले. ओडोरिक यांनी १३३० मध्ये पादुआत हा सारा प्रवास सांगून लिहवून घेतला. ठाण्यातले कुत्र्याएवढे मोठे उंदीर पाहून तेही थक्क झाले होते. ही बहुधा आपली घूस असावी.

जॉर्डनस यांच्या पुस्तकात काय आहे?

जॉर्डनस युरोपात परतले आणि त्यांनी पूर्वेकडच्या देशांतील नवलाच्या गोष्टी सांगणारे एक छोटे लॅटिन पुस्तक लिहिले. मिराबिलिया या नावाने ते ओळखले जाते. १८३९ मध्ये पॅरिसच्या भूगोल संस्थेने ते छापले आणि १८६३ मध्ये हेन्री यूल यांचा इंग्रजी अनुवाद आला.

त्यात त्यांनी अनिबा नावाच्या गोड फळाचे वर्णन केले आहे. हा आपला आंबा. फणसासाठी त्यांनी केरळातला चक्का हा शब्द वापरला. नारळापासून दोर, तेल आणि पेय कसे मिळते, ताडी कशी काढतात, वडाच्या पारंब्या जमिनीत जाऊन नवे खोड कसे होते, हे त्यांनी नवलाने लिहिले. अग्नीला पवित्र मानणारे आणि मृतदेह उघड्यावर ठेवणारे लोकही त्यांनी पाहिले. ते पारशी होत. सती जाणाऱ्या स्त्रियांचीही नोंद त्यात आहे. इथल्या लोकांची जेवणातली स्वच्छता, खरे बोलणे आणि न्यायाची चाड यांचे त्यांनी कौतुक केले. पूर्वीच्या राजवटीची मंदिरे कुठे पाडली गेली हेही लिहिले. त्यांच्या लिखाणात ऐकीव दंतकथा भरपूर आहेत, पण डोळ्यांनी पाहिलेले वर्णन आले की ते नेमके असते. सातशे वर्षांपूर्वीच्या या किनाऱ्याचे चित्र उभे करणाऱ्या मोजक्या साधनांमध्ये या पुस्तकाची गणना होते.

ते बिशप कधी झाले?

त्या काळी पोप रोमऐवजी फ्रान्समधल्या आविन्यो शहरात राहत होते. पोप जॉन बाविसावे यांनी ऑगस्ट १३२९ मध्ये कोल्लम हा नवा धर्मप्रांत स्थापन केला आणि त्याच महिन्यात जॉर्डनस यांना त्याचे बिशप नेमले. रोमच्या चर्चचा हा भारतातला पहिला धर्मप्रांत. तो इराणमधल्या सुलतानिया येथील आर्चबिशपच्या अधिकाराखाली होता आणि त्याची हद्द कागदावर अफाट होती. १३३० मध्ये पोपची पत्रे घेऊन जॉर्डनस निघाले. त्यातले एक पत्र कोल्लमच्या ख्रिस्ती लोकांसाठी होते. नव्या बिशपचे स्वागत करा आणि आपसातले भेद मिटवा, असे आवाहन त्यात होते.

आपण कुठे चाललो आहोत, हे जॉर्डनस यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. युरोपात राहून पुस्तके लिहीत म्हातारे होण्याची मुभा त्यांना होती. सोबती मारले गेले तेव्हा ठाण्याला फिरण्याचा निर्णय अचानक घ्यावा लागला होता. आता मात्र सगळे माहीत असताना, विचार करायला पुरेसा वेळ असताना त्यांनी तोच निर्णय पुन्हा घेतला.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

१३३० नंतर त्यांचे एकही पत्र मिळत नाही. ते याच किनाऱ्यावर, ठाणे-मुंबई परिसरात, १३३६ च्या सुमारास मारले गेले, अशी परंपरा आहे. काही लेखक त्यांना दगडांनी ठेचून मारल्याचे सांगतात. त्या काळातला एकही कागद मात्र हे सांगत नाही. १३४८ च्या सुमारास पोपचे दूत जॉन मारिन्योली कोल्लमला बराच काळ राहिले. तिथे त्यांना लॅटिन पंथाचे संत जॉर्ज चर्च आढळले. जॉर्डनस यांचा उल्लेख मात्र त्यांच्या लिखाणात येत नाही.

म्हणूनच त्यांना रक्तसाक्षी बिशप म्हणताना परंपरेनुसार हा शब्द जोडावा लागतो. त्यांनी सोसलेला तुरुंग आणि मार त्यांच्या स्वतःच्या शब्दांत नोंदलेला आहे. हौतात्म्य मात्र लोकांच्या आठवणीतून आले आहे.

मग चर्च त्यांना संत का मानत नाही?

कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला रक्तसाक्षी ठरवण्यासाठी ती व्यक्ती श्रद्धेमुळेच मारली गेली, हे सिद्ध व्हावे लागते. साक्षी तपासल्या जातात, कागदपत्रे पाहिली जातात आणि लोकांची भक्ती किती जुनी आहे हेही विचारात घेतले जाते. आधी धन्यवादित आणि मग संत, अशा पायऱ्या असतात. सतराव्या शतकात हे नियम कडक झाले. रोमच्या परवानगीशिवाय कोणाचीही जाहीर उपासना करायची नाही, असे ठरले. फार पूर्वीपासून अखंड चालत आलेल्या भक्तीला तेवढी वेगळी वाट ठेवली गेली.

तोलेंतिनोच्या थॉमस यांना हीच वाट मिळाली. ठाण्यात मारल्या गेलेल्या या वृद्ध धर्मबंधूची भक्ती इटलीतल्या त्यांच्या गावी शतकानुशतके टिकली होती. पोप लिओ तेरावे यांनी १८९४ मध्ये तिला मान्यता दिली. ९ एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन.

वसईचे गोन्सालो गार्सिया यांचे उदाहरण आणखी स्पष्ट आहे. जपानमधल्या नागासाकीत ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत वसईचा हा सुपुत्र होता. ते भर दिवसा, हजारो लोकांसमोर घडले आणि पाहणाऱ्यांनी लगेच लिहून ठेवले. त्यामुळे १६२७ मध्ये ते धन्यवादित आणि १८६२ मध्ये संत घोषित झाले. वसईत त्यांचा सण आजही साजरा होतो.

जॉर्डनस यांच्या मृत्यूचा साक्षीदार नाही, कबर नाही आणि अवशेष नाहीत. दुसऱ्यांचे मृतदेह वाहून नेणाऱ्या या माणसाचा मृतदेह कोणी वाहिला, हे इतिहासाने नोंदवलेले नाही. संतपदाची दारे त्यांच्यासाठी उघडली नाहीत, त्यामागे हेच कारण आहे.

आज त्यांचे काय उरले आहे?

जॉर्डनस यांच्यानंतर कोल्लमचा धर्मप्रांत बंद पडला. १८८६ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि आजही चालू आहे. आपले पहिले बिशप म्हणून तिथे जॉर्डनस यांचे नाव घेतले जाते. ठाणे आणि सोपारा भागात मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाहीत. नेस्टोरियन वस्ती काळाच्या ओघात विरून गेली. पुढे पोर्तुगीज आले, त्यांनी चर्च बांधली आणि कोकणातल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास लोक तिथपासूनच मोजू लागले.

त्याआधीच्या काळाची साक्ष देणारे मोजके कागद उरले आहेत आणि त्यांत जॉर्डनस यांची दोन पत्रे व एक पुस्तक येते. इथली बंदरे, इथली फळे, इथले न्यायालय, इथली भांडणे आणि इथल्या पाहुणचाराची माहिती त्यांतून मिळते. अनोळखी माणसांना घरात घेणारे ठाण्यातले ते कुटुंब आणि प्रेते हलवायला मदत करणारा तो जिनोआचा तरुण यांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. जॉर्डनस यांनी लिहून ठेवले नसते, तर त्यांचा मागमूसही राहिला नसता.

पुढच्या वेळी कशेळीच्या पुलावर गाडी अडकली, तर खाली खाडीकडे पाहा. ठाणे आणि सोपारा यांना जोडणारे हेच पाणी. सातशे वर्षांपूर्वी दोन माणसे चार मृतदेह घेऊन याच मुलखातून सोपाऱ्याकडे गेली होती आणि त्यातला एक जण नंतर बिशप होऊन पुन्हा याच देशाच्या वाटेला लागला.